तीन अक्षरी मध्ययुगीन शस्त्र, शेवटचं अक्षर र : उत्तर एकच कसं?

कोडेबाज
मंडळी, एका साध्या कोड्यावरून आमच्या ग्रुपवर दोन दिवस युद्ध पेटलंय, निवाडा तुम्ही करा. मी दर आठवड्याला गाळलेल्या अक्षरांचं कोडं घालतो. लहानपणी वहीच्या मागच्या पानावर फाशीचं चित्र काढत खेळायचो ना, तोच खेळ, फक्त आता फाशी देत नाही, चुकलं की ढालीचा एक तुकडा उडतो. या आठवड्याचा विषय मध्ययुगीन शस्त्रं. कोडं असं :

_ _ र

सूचना : हातघाईच्या लढाईत उपयोगी.

माझं उत्तर कट्यार. पहिल्या दहा मिनिटांत एकाने खंजीर लिहिलं, मग एकीने तबर. मी चूक म्हटलं तर म्हणतात चूक कसं ते सिद्ध करा. त्यात एक महाशय असे निघाले की कट्यार तीन अक्षरी नाहीच म्हणे, चार अक्षरी आहे.

तर प्रश्न दोन. या खेळात एक रिकामी जागा म्हणजे नक्की काय? आणि माझंच उत्तर बरोबर हे लोकांना कसं पटवू?

रिकामटेकडी
मुद्गर. मलाही बक्षीस द्या.

गंजलेली ढाल
कुठार, तोमर. हवे ते घ्या, दोन्ही तीन अक्षरी आणि दोन्हींच्या शेवटी र.

पायमोड
हत्यार :D

कोडेबाज
@पायमोड, हत्यार हे नाव नाही हो, ते सगळ्यांचं आडनाव आहे.

लोहारकाम
कट्यार, खंजीर आणि तबर या तीन वेगळ्या वस्तू आहेत, एका पिशवीत कोंबू नका.

कट्यारीची मूठ आडवी. दोन बाजूंना दोन लोखंडी पट्ट्या, त्या मनगटाच्या मागेपर्यंत येतात, आणि त्यांच्या मध्ये आडव्या दांड्या, त्या मुठीत धरायच्या. पातं बोटांच्या पुढे सरळ रेषेत. गुद्दा मारतो तशीच मारायची. मी एकदा एक जुनी कट्यार हातात धरून पाहिली आहे. पहिलं जाणवलं ते मूठ किती लहान, माझी चार बोटं कशीबशी मावली. आणि दुसरं म्हणजे हात आपोआप पुढेच जातो, आडवा वार करायचं सुचतच नाही. पुष्कळ कट्यारींचं पातं टोकाकडे मुद्दाम जाड केलेलं असतं, कारण काम साखळी चिलखताच्या कड्या फोडायचं.

खंजिराची मूठ पात्याच्या रेषेत असते, पातं दुधारी आणि बहुतेक वेळा जरा वाकडं. तो भोसकतोही आणि चिरतोही. तबर म्हणजे लढाईची कुऱ्हाड, शब्द फारसी, घोड्याच्या खोगिराला अडकवायची ती तबरझीन.

पण "हातघाईच्या लढाईत उपयोगी" ही सूचना तिघांनाही बसते, त्यामुळे भांडणाला कारण तुम्हीच दिलंय असं माझं मत.

रिकामटेकडी
आणि मुद्गर? मुद्गराला कोणी वाली नाही का?

लोहारकाम
मुद्गर पण हातघाईतलाच की. बरोबर धरा. कोडेबाजांनी पाच बक्षिसं काढावीत.

बाराखडी
मी हा खेळ पोरांबरोबर इतकी वर्षं खेळतेय की पोरं मोठी होऊन आता मलाच नियम शिकवतात. आमच्यातला नियम असा की एका दमात जे तोंडातून येतं ते एक घर. जोडाक्षर एकाच घरात, काना मात्रा वेलांटी उकार अनुस्वार सगळे त्याच घरातले भाडेकरू. त्यामुळे कट्यार तीन, दांडपट्टा चार, गुप्ती दोन, वाघनखं चार.

पण ओळखणाऱ्याने सांगायचं मात्र नुसतं व्यंजन. "क" म्हटलं की क, का, की, कु, सगळी कुटुंबंच्या कुटुंबं उघडतात. हे नाही केलं तर खेळ कधी संपतच नाही, कारण इंग्रजीत सव्वीस अक्षरं आणि आपल्याकडे बाराखडी धरली तर चारशेच्या वर, तोपर्यंत तुमच्या ढालीचा भुगा होईल.

राहिलं जोडाक्षर. ट्या उघडायला "ट" चालतो, "य" सांगितला तर आम्ही अर्धा गुण देतो.

पायमोड
ताई, नावाला जागून सांगतो. ट्या मध्ये अर्धा आहे तो ट, य पूर्ण आहे. अर्धा गुण ट ला द्या आणि य ला पूर्ण.

बाराखडी
@पायमोड, तुम्ही आमच्या घरी येऊ नका.

सेमीकोलन
हसू नका, मी हा खेळ प्रोग्राम करून बसलोय आणि पायमोडांचीच जात मला नडली.

पहिल्यांदा मी भोळेपणाने शब्दाची लांबी कॉम्प्युटरला विचारली. कट्यार ला त्याने सहा घरं दाखवली. क, ट, हलन्त (पाय मोडल्याची खूण), य, काना, र. हलन्ताला स्वतंत्र घर, कान्याला स्वतंत्र घर! दांडपट्ट्याला नऊ. खेळणाऱ्याने "काना" असं ओळखायचं का?

मग मी डोकं लावून अक्षरांचे तुकडे युनिकोडच्या (कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्या लिहायची प्रमाण पद्धत) नियमाने पाडले, ज्याला ग्राफीम क्लस्टर म्हणतात. काना गेला य बरोबर, ठीक. पण उत्तर आलं चार : क, ट्, या, र. कारण त्या नियमात हलन्तानंतर तुकडा पडायचा, जोडाक्षर ही चीजच त्याला ठाऊक नव्हती. २०२३ साली युनिकोड १५.१ मध्ये हे सुधारलं, आता देवनागरी जोडाक्षर एकसंध धरतात. प्रोग्राममध्ये हा नियम पाळणारी नवीन लायब्ररी (तयार कोड) घातली आणि कट्यार एकदाची तीन अक्षरी झाली.

@कोडेबाज, तेव्हा तुमच्या ग्रुपवर जे महाशय चार म्हणतायत ते चूक नाहीत, फक्त अपडेट झालेले नाहीत.

कोडेबाज
हा प्रतिसाद जसाच्या तसा ग्रुपवर टाकतोय.

पुराणवस्तू
सगळ्यांची मजा चाललीय त्यात पाणी ओततो, क्षमस्व. विषय "मध्ययुगीन" आहे ना? मग तोमर कशाला? तोमर हा फेकायचा भाला संस्कृत ग्रंथांत सापडतो, महाभारतात पानापानावर आहे. मुद्गरही तसाच. ते प्राचीन. निदान या दोघांना तरी बाद करा म्हणजे कोडं जरा आटोपशीर होईल.

गंजलेली ढाल
ग्रंथात आधी आला म्हणून शस्त्र पुढच्या शतकात वापरायचं बंद होतं का? भाला अश्मयुगापासून आहे, म्हणून मध्ययुगीन यादीत भाला घालायचा नाही?

पुराणवस्तू
भाला हे नाव मध्ययुगात चालू होतं. तोमर हे नाव तेव्हा सैनिक तोंडाने घेत होता का एवढाच मुद्दा आहे. आपण वस्तू ओळखतोय की शब्द?

गंजलेली ढाल
मग आधी मध्ययुग कधी संपलं ते सांगा. युरोपचं कॅलेंडर लावलं तर साधारण १५०० ला दार बंद, कोणी १४५३ म्हणतं, कॉन्स्टँटिनोपल पडलं ते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र मध्ययुग अठराव्या शतकापर्यंत रेंगाळतं. प्रतापगडावरचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. युरोपच्या हिशोबाने वाघनखं मध्ययुगीन नाहीतच, दीडशे वर्षं उशिरा आली. काढून टाकायची का यादीतून? आहे हिंमत?

पुराणवस्तू
वाघनखांना मी हात लावत नाही.

पायमोड
शहाणपणाचा निर्णय.

रिकामटेकडी
पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

तिरकमठा
धागा वाचून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाहीये, शस्त्र आणि गाळलेली अक्षरं दोन्ही त्यात आहे. इंग्लंडात लिंकनशायरमध्ये विदॅम नावाची नदी आहे. १८२५ साली तिच्या पात्रात एक तलवार सापडली, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपासची, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पात्यावर सोन्याच्या तारेने अक्षरं ठोकून बसवलीत. अठरा अक्षरं, सलग, मध्ये एक मोकळी जागा नाही. रोमन लिपीतली आहेत, मोठ्याने वाचून बघा :

एन डी एक्स ओ एक्स सी एच डब्ल्यू डी आर जी एच डी एक्स ओ आर व्ही आय

दोन टोकांना एकेक क्रूस. २०१५ मध्ये मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या जुन्या सनदेला आठशे वर्षं झाली म्हणून ब्रिटिश लायब्ररीने प्रदर्शन भरवलं, त्यात ही तलवार मांडली आणि सरळ लोकांनाच विचारलं की बाबांनो याचा अर्थ लागतोय का. जगभरातून उत्तरांचा पाऊस पडला. आजपर्यंत सगळ्यांना पटेल असं उत्तर नाही. एक तर्क असा की प्रत्येक अक्षर म्हणजे एकेका लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर, म्हणजे सुरुवातीचे एन आणि डी म्हणजे "देवाच्या नावाने" या अर्थाचे दोन शब्द, आणि पुढेही अशीच प्रार्थना. मालकाला पाठ होती, त्याला बाकीची अक्षरं लिहायची गरजच वाटली नसणार.

म्हणजे बघा, कोणीतरी पहिलं अक्षर ठेवून बाकी सगळं गाळलं, सूचना द्यायला विसरला आणि सातशे वर्षं लोक घरं भरतायत. कोडेबाज, तुमचे दोन दिवस काहीच नाहीत.

कोडेबाज
दंडवत. हे माहीत नव्हतं.

बाराखडी
सूचना द्यायला विसरणारे सगळ्या शतकांत असतात असं दिसतंय.

लोहारकाम
त्याच्याही आधीची गंमत : उल्फबर्ट. नवव्या ते अकराव्या शतकातल्या युरोपातल्या तलवारी, पात्यावर लोखंडातच हे नाव बसवलेलं. दीडशेच्या वर सापडल्यात. दोनशे वर्षं एकच माणूस तलवारी घडवत बसणार नाही, म्हणजे तो ब्रँड होता. आणि काही तलवारींवर अक्षरांचा क्रम चुकलाय, एखादं अक्षर इकडचं तिकडे. ज्याने ठोकलं त्याला बहुधा वाचता येत नसावं. बनावट मालावरची स्पेलिंग मिस्टेक हजार वर्षं जुनी आहे.

सेमीकोलन
तो पण अपडेट झालेला नव्हता.

मोडकं म्यान
विषय निघालाच आहे तर माझी एक खदखद. अशा कोड्यांमध्ये आणि गेममध्ये शस्त्रांबद्दल ज्या सूचना देतात त्या वाचून डोकं फिरतं. मी काही वर्षं जुन्या युरोपियन पद्धतीची तलवारबाजी शिकतोय, बोथट तलवारीने. परवा एका कोड्यात सूचना होती, "दहा किलो वजनाची दोन हातांनी पेलायची तलवार". दहा किलो! दोन हातांची लाँगसोर्ड दीड किलोच्या आसपास असते हो. एक हाताची सव्वा. सोळाव्या शतकातल्या माणसाएवढ्या उंच तलवारी सुद्धा साधारण अडीच तीन किलोच्या. दीड किलो ऐकायला काहीच वाटत नाही पण हात लांब करून पाच मिनिटं फिरवा, खांदा देवाला हाक मारतो.

दुसरी सूचना, "रक्त वाहून जाण्यासाठी पात्यावर असते ती". उत्तर खाच. अरे रक्ताला वाहायला वाट लागत नाही. खाच पातं हलकं करायला असते, धातू कमी लागतो आणि ताठपणा फारसा जात नाही. आणि तिसरं म्हणजे तो म्यानातून काढतानाचा सर्रर्र आवाज. म्यान लाकडाचं, वर चामडं. लाकडातून लोखंड ओढलं की कितीसा आवाज येणार? माझी तलवार म्यानातून निघते तेव्हा कपाटाचा खण उघडल्यासारखा आवाज येतो.

रिकामटेकडी
कपाटाचा खण :D :D युद्धभूमीवर शंभर खण एकदम उघडले.

तिरकमठा
+१ वजनाबद्दल. उलट धनुष्याबद्दल लोकांना कल्पनाच नसते की ते किती जड जातं. मेरी रोझ हे जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं, त्यात १३७ अखंड लाँगबो मिळाले, बाण साडेतीन हजारांच्या वर. ती धनुष्यं ओढायला शंभर पौंडांच्या वर जोर लागत असणार असा अंदाज आहे, काहींना तर दीडशेच्याही पुढे. मी चाळीस पौंडांचं ओढतो. एकदा मित्राचं साठचं ओढायला घेतलं, दोरी कानापर्यंत आणायची असते, माझी छातीपर्यंत आली आणि मग मी आणि धनुष्य दोघं थरथरत एकमेकांकडे बघत उभे. कोड्यात मात्र सूचना काय, "हलके शस्त्र, लांबून मारा".

मोडकं म्यान
आणि साखळीला लटकलेला तो काटेरी गोळा. प्रत्येक "मध्ययुगीन शस्त्र" कोड्यात असतो म्हणजे असतोच. शेतात मळणीला वापरायचा दांडका असतो, त्याच्यापासून केलेलं लांब दांड्याचं शस्त्र होतं, चित्रांत दिसतं. पण एका हातात धरायचा आखूड दांडा आणि लांब साखळीला गोळा, याचे मध्ययुगातले पुरावे फार थोडे. आणि तर्काने बघा, चुकला की गोळा फिरून आपल्याच गुडघ्यावर.

गंजलेली ढाल
अवांतर : मी एक असा खेळण्यातला फिरवून पाहिलाय. गुडघ्याबद्दल पूर्ण सहमत.

पायमोड
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

बाराखडी
@पायमोड, काय लिहून काढलंत? आता झोप लागणार नाही.

पायमोड
काही नाही ताई, गुडघ्यात मेंदू असा एक विनोद होता, मलाच आवडला नाही.

अर्धविराम
धागा उशिरा पाहिला. सगळे शस्त्रांवर घसरलेत, मूळ प्रश्नाकडे कोणी बघेना, म्हणून लिहिते.

गाळलेल्या जागांचे खेळ दोन जातींचे. एक अक्षर गाळायचा, जो कोडेबाज खेळतायत. दुसरा शब्द गाळायचा. आधी समोरच्याकडून नाम, विशेषण, क्रियापद असे सुटे शब्द मागून घ्यायचे, त्याला गोष्ट दाखवायची नाही, आणि मग ते शब्द गोष्टीत बसवून मोठ्याने वाचायचं. अमेरिकेत लिओनार्ड स्टर्न आणि रॉजर प्राइस या दोघांनी हे मॅड लिब्स नावाने काढलं, पहिलं पुस्तक १९५८ चं. मी भाषा शिकवते, तेव्हा वर्गात हे मराठीत करायला गेले. गोष्ट लढाईचीच होती. वाक्य असं :

सरदाराने कमरेची ____ उपसली आणि शत्रूच्या ____ वर जोरात हाणली.

मुलांनी न बघता शब्द दिले : कंगवा आणि बोगदा. झालं काय, तर "सरदाराने कमरेची कंगवा उपसली आणि शत्रूच्या बोगदा वर जोरात हाणली". वर्ग हसून लोळला पण चुकीच्या कारणासाठी. इंग्रजीत नाम उचललं आणि टाकलं, वाक्य हूं की चूं करत नाही. मराठीत आधी लिंग विचारावं लागतं, मग सामान्यरूप करावं लागतं, तोपर्यंत विनोद शिळा. तेव्हापासून मी कागदावर "नाम" असं लिहीत नाही, "स्त्रीलिंगी नाम, एकवचन" असं लिहिते.

पण नंतर लक्षात आलं की ही अडचण नाहीये, हे फुकटचं हत्यार आहे. क्रियापदच सूचना देतं. खंजीर उपसला. कट्यार उपसली. धनुष्य उचललं. वाघनखं लपवली. वाक्यात एक क्रियापद टाका, अर्धे उमेदवार घरी जातात.

आता @कोडेबाज, तुमची सूचना परत वाचा. "हातघाईच्या लढाईत उपयोगी." यात क्रियापदच नाही, आणि "उपयोगी" ला लिंगही नाही. इतकं निर्लिंगी वाक्य मराठीत लिहायला कौशल्य लागतं.

लोहारकाम
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). हे एकदम चपखल. खंजीर, मुद्गर, तोमर, कुठार सगळे पुल्लिंगी. हत्यार नपुंसकलिंगी. एका ई-कारात सगळे गारद झाले असते.

गंजलेली ढाल
आणि तबर?

लोहारकाम
तबरीने तोडतात, तबर आरपार जात नाही. सूचनेत कामाचा उल्लेख असता तर तीही गेली असती.

कोडेबाज
थांबा जरा, वही बघून येतो.

कोडेबाज
मंडळी, मारू नका. मी कोडी आधी वहीत लिहितो. वहीत मूळ सूचना आहे : "साखळी चिलखत फोडून आत शिरते ती." मोबाईलवर टाईप करताना लांबलचक वाटली म्हणून "हातघाईच्या लढाईत उपयोगी" असं छोटं करून टाकलं.

रिकामटेकडी
!!!

पायमोड
दोन दिवसांचं युद्ध. इतकी जीवितहानी.

सेमीकोलन
म्हणजे आम्ही युनिकोडपर्यंत जाऊन आलो ते यांना टाईप करायचा कंटाळा आला म्हणून.

तिरकमठा
विदॅमच्या तलवारवाल्याने पण असंच केलं असणार. "लांबलचक वाटतंय, पहिली अक्षरं पुरेत."

पुराणवस्तू
एक मिनिट, नाचू नका अजून. वहीतल्या सूचनेनेही उत्तर एकच येत नाही. कटार. क, टा, र. तीन घरं, शेवटी र, स्त्रीलिंगी, चिलखत फोडून आत शिरते.

लोहारकाम
कटार म्हणजे कट्यारच की. वस्तू तीच.

पुराणवस्तू
तेच मी वर विचारलं होतं, वस्तू ओळखतोय की शब्द? तेव्हा मला वाघनखं दाखवून गप्प केलंत.

बाराखडी
कटार हिंदी, आपली कट्यार. मराठी कोड्यात कट्यारच.

पुराणवस्तू
ताई, मराठी कोड्यातही हे होतं. घ्या :

त _ वा र

मध्ययुगीन शस्त्र, स्त्रीलिंगी, कमरेला लटकते, म्यानात राहते. सांगा.

बाराखडी
तलवार.

गंजलेली ढाल
तरवार. जुन्या मराठीत सर्रास आहे, अजूनही कित्येकांच्या तोंडात.

मोडकं म्यान
दोन्ही बरोबर, वस्तू एक, लिंग एक, घरं चार, भाषा एक. छान पेच आहे.

अर्धविराम
याला सूचनेने उत्तर नाही. इथे नियमच पाहिजे की प्रमाण रूप धरायचं. किंवा ल आणि र दोघांनाही घर उघडू द्यायचं.

पायमोड
ल ला अर्धा गुण, र ला अर्धा गुण. मी येऊ का ताई घरी?

बाराखडी
या. पण हलन्त बाहेर ठेवून या.

कोडेबाज
निवाडा झाला असं धरतो. ग्रुपवर कबुली दिली, पाचही जणांना गुण दिले, कटारवाला अजून कोणी निघाला तर सहा. पुढच्या आठवड्याचं कोडं इथे आधी तपासून घेतो म्हणजे परत नको. यावेळी सूचना पूर्ण देतोय, क्रियापदासकट :

_ _ ण

गडाच्या वेढ्यात दगड फेकायला जी वापरली, तिचंच मोठं भावंड म्हणजे ट्रेबुशे.

तिरकमठा
गोफण. सूचना आवडली, आणि खरीही आहे. ट्रेबुशे म्हणजे तुळईच्या एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला गोफणच. १३०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्याच्या वेढ्यात इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने वॉरवुल्फ नावाचं एक राक्षसी ट्रेबुशे बांधून घेतलं. किल्ल्यातले लोक शरण यायला तयार झाले तर हा म्हणे थांबा, आधी हे चालवून बघू द्या, मग शरण या. एवढं बांधलंय तर वापरणारच.

कोडेबाज
म्हणजे उत्तर एकच ना? नक्की? टाकू?

रिकामटेकडी
ऐरण. ऐ, र, ण. तीन घरं, स्त्रीलिंगी.

कोडेबाज
ऐरण शस्त्र आहे का??

रिकामटेकडी
तटावरून वेढ्यावर टाकली तर आहे.

लोहारकाम
माझी कोणी टाकू नका, एकच आहे.